अव्वल इंग्रजीचा पेपर

माझी थोरली बहीण गंगाक्का एकोणीसशे छप्पनच्या कार्तिकात निंबर्ग्याच्या एका बिजवराला उडकीनं दिली गेली. त्याच वर्षी श्रावणात ती मराठीची वरची परीक्षा पास झाली होती.

उडकी म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. कन्नडमध्ये 'उडू' म्हणजे नेसणं. आमच्या लिंगायत घरांत ही चाल फार जुनी. मांडव नाही, वाजंत्री नाही. नव्या घरून आलेलं लुगडं नेसायचं, बांगड्या भरायच्या आणि तिन्हीसांजेला निघायचं. आमच्यात विधवेचे केस काढत नसत, तिला लाल आलवण नेसवत नसत, कोपऱ्यात बसवत नसत. याचा आम्हाला अभिमान होता. तो खोटा नव्हता.

यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणाला, आमच्या गावी संतपूरला गेले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन निघून गेलेली मोकळी रानं, आणि मधूनमधून तूर. जोंधळा फारसा दिसला नाही. पण तुरीचा वास तोच आहे. शेंगा वाळायला लागल्या की पाल्याला एक तुरट, धुरकट वास येतो. तो हाताला लागला की दोन दिवस जात नाही. त्या वासाबरोबर मला दर वर्षी व्याकरणाच्या पुस्तकांची आणि नीतिकथांची आठवण येते. दुसऱ्या कुणाला येत असेल असं वाटत नाही.

ती छप्पनची सुगी. मी सोळा वर्षांची होते, अक्का बावीसची. तिचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, दुसऱ्या वर्षी नवरा तापानं गेला आणि ती माघारी आली. त्याच सुमारास निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन झाली, शाळांतून उर्दू गेली, आणि मराठी शिकवणाऱ्या माणसांचा तुटवडा पडला. कमलनगरच्या मुलींच्या शाळेत मास्तरणीची जागा रिकामी होती. मराठीची वरची परीक्षा पास झालेली बाई त्यांना हवी होती. अक्कानं घरी बसून एकेक पेपर काढत आणला होता. एक राहिला होता: अव्वल इंग्रजी काळातलं मराठी वाङ्मय, त्यातले विषय आणि प्रकार.

पेशवाई बुडाल्यानंतरच्या पहिल्या पन्नासेक वर्षांत मराठीत जे लिहिलं आणि छापलं गेलं, त्याला अभ्यासाच्या पुस्तकांत अव्वल इंग्रजी काळातलं वाङ्मय म्हणत. अव्वल म्हणजे आरंभीचा. पुण्या-मुंबईच्या माणसाला यात काही अडत नसावं. आमच्या भागात अडत होतं. निजामाच्या शाळांत इयत्ता नव्हत्या, जमाती होत्या: अव्वल, दुव्वम, सुव्वम, म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी. अप्पा, म्हणजे आमचे वडील, सुव्वमपर्यंत शिकलेले. त्यांचं आडतीचं दुकान होतं आणि दुकानात सगळ्यात चांगल्या तुरीला अव्वल तूर म्हणत. गावात ज्यानं त्यानं अक्काला विचारून घेतलं होतं, "अव्वल इंग्रजी म्हंजे एबीशीडीच की गं? त्याला एवढं काय वाचायलीस?"

अक्का शिकायला मास्तरांकडे जायची. मी सोबत. मास्तर ब्राह्मण, वय पन्नासच्या आसपास, आवाज बारीक. मराठी शाळा नव्हत्या तेव्हाही त्यांनी घरी मराठी शिकवलं होतं. दुपारचं जेवण झालं की ते ओसरीत भिंतीला टेकून बसत आणि डोळे मिटून सांगत. आधी शाळाखात्यासाठी केलेली पुस्तकं: गणित, भूगोल, व्याकरण. मग प्राण्यांच्या नीतिकथा. मग संस्कृतातून आणि इंग्रजीतून केलेली रूपांतरं. बखर मागे पडत गेलेली, पोवाडा आणि लावणी तोंडी उरलेली. निबंध नवा. नियतकालिकं नवी. राजपुत्र, जादूची वनं आणि बेशुद्ध पडणाऱ्या राजकन्या असलेल्या अद्भुत कादंबऱ्या. आणि संवाद. एक माणूस शंका विचारतो, दुसरा समजावतो, शेवटी पहिला म्हणतो, पटलं. मुलींना शिकवावं की नाही, विधवेनं पुन्हा लग्न करावं की नाही, हे त्या काळात पुष्कळदा अशा संवादांतून लिहिलेलं असे.

अक्कानं एकदा विचारलं, "मास्तर, ही माणसं तिकडं एवढं लिहायलती, तवा आपल्याकडं काय लिहीत होते?"

मास्तरांनी डोळे उघडले. "आपल्याकडं? अर्ज. तेही फारशीत."

तुरीची रास चालू होती. दुपारी मास्तर, सकाळी शेत. वाळलेली तूर काठीनं बडवायची, शेंगा फुटून दाणे खाली पडायचे. अक्का बडवता बडवता प्रकार पाठ करायची. तिनं सगळं वाङ्मय पिकांत बसवलं होतं. शाळेची पुस्तकं म्हणजे जोंधळा, रोज लागतो, कौतुक कुणी करत नाही. निबंध म्हणजे करडई, काटे फार, पण तेल निघतं. नीतिकथा म्हणजे हरभरा, पोरासोरांनाही चालतो.

"आणि कादंबरी गं?" मी विचारलं.

"हुरडा. पोट भरत न्हाई, पण उठून जावंबी वाटत न्हाई."

बाजूला तूर बडवणारी बाई म्हणाली, "तुझ्या त्या विंग्रजीत तुरीला जागा हाय का न्हाई?"

"हाय की मावशी. तूर म्हंजे मीच. बडवल्याबिगर निघत न्हाई."

सगळ्या हसल्या. अक्का सगळ्यात मोठ्यानं हसली. तिचा हसण्याचा आवाज मला अजून जसाच्या तसा आठवतो. चेहरा आता थोडा पुसट झाला आहे.

मास्तरांच्या घरात त्यांची आत्या होती. लाल आलवण, डोक्यावरून पदर ओढलेला, आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून कायम काहीतरी निवडत असलेली. नवव्या वर्षापासून ती अशी होती. आम्ही तिला आत्याबाई म्हणत होतो. मास्तर केशवपनाचा विषय शिकवायला लागले तेव्हा त्यांचा आवाज आणखी बारीक झाला. पुस्तकात ज्याची चर्चा होती ते चार हातांवर बसलेलं होतं आणि सुपातले खडे वेचत होतं.

अक्का म्हणाली, "मास्तर, हे लोक आत्याबाईसारख्यांवर एवढं लिहितेत. आत्याबाईनी वाचलंय का त्यातलं?"

मास्तरांनी उंबऱ्याकडे पाहिलं. आतून उत्तर आलं, "मला अक्षर कुठं येतंय, पोरी? तूच वाच की मोठ्यानं."

मग रोज अर्धी दुपार अक्का त्या काळातली विधवेची एक कादंबरी मोठ्यानं वाचायची. आत्याबाईंचं सूप थांबायचं. शेवटच्या दिवशी नायिकेचं पुन्हा लग्न लागलं, चांगली माणसं आनंदली, वाईट माणसं पस्तावली आणि पुस्तक संपलं.

"मग पुढं?" आत्याबाईंनी विचारलं.

"पुढं काही नाही आत्या. संपलं," मास्तर म्हणाले.

"असं कसं? नवरा कसा निघाला?"

"ते कादंबरीत नाही."

आत्याबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं. "बरं जमलंय लिहिणाऱ्याला," त्या म्हणाल्या. "लग्न लावलं आन् निघून गेला."

अक्का घरी येताना रस्ताभर हसत होती. मग एकदम हसायची थांबली. निंबर्ग्याचा निरोप येऊन तेव्हा चारेक दिवस झाले होते.

निंबर्ग्याचा माणूस बायको गेलेला, तीन मुलांचा बाप, चाळिशीच्या पुढचा. वाईट नव्हता. जमीन होती, घर होतं, व्यसन नव्हतं. त्याचा थोरला भाऊ येळवशीच्या दिवशी आमच्या शेतात जेवायला आला. येळवशीला आमच्याकडे कुणीही कुणाच्याही शेतात जेवतं. कडब्याची खोपटीसारखी कोप उभी केलेली होती, आत पांडवांची पूजा झालेली, कन्नड आरोळी देत अप्पांनी पिकात आंबील शिंपडलेलं. भज्जी, उंडे, आंबील. मास्तरही होते, येळवशीचं आमचं जेवण ते चुकवत नसत. आम्ही बायका कोपीच्या मागे वाढून घेत होतो. कडब्यातून सगळं ऐकू येत होतं.

पाहुणा म्हणाला, "अप्पा, आमचं काय करायलाव मग? लेकरं आईबिगर हायती."

अप्पांनी मास्तरांकडे पाहिलं. "मास्तर, हिचं कुठवर आलंय?"

मास्तरांच्या तोंडात घास होता. तो गिळून ते म्हणाले, "झालंच की अप्पा. आता अव्वल इंग्रजी तेवढं निघालं की झालं. मग कमलनगरची जागा आहेच."

अप्पांच्या आवाजात एक नवीनच रुबाब आला. "ऐकलाव का पावणं? पोर अव्वल निघाली तर ती मास्तरीण. मग तिच्या वाटंला कुणी जायचं न्हाई. न्हाई निघाली अव्वल, तर उडकी लावून तुमच्या घरी. ही माझी बोली."

"मास्तरांच्या म्होरं बोललाव. बास की," पाहुणा म्हणाला.

"होय, होय," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी आणखी भज्जी मागितली.

मास्तरांनी ऐकलं ते पेपरचं नाव. अप्पांनी सांगितला तो पहिला नंबर. पाहुण्यानं धरली ती बोली. कोपीच्या मागे मी अक्काचा हात धरला आणि कुजबुजले, "अक्का, अप्पाला वाटायलंय तू पहिली येणार म्हणून! सांग की जाऊन."

"कामून सांगू?" अक्काचे डोळे चमकत होते. "अव्वल म्हणलं की अप्पाची छाती बघ कशी फुगली. फुगू दे. पास तर मी होणारच हाय. पास झाल्यावर कोण नंबर इचारतंय?"

ती जे म्हणाली त्यात हिशेब होता आणि तो काही महिने बरोबर ठरला. दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी अक्काला राशीवर पाठवणं बंद केलं. तिच्या कंदिलाला रॉकेल कमी पडू दिलं नाही. दुकानात कुणी आलं की सांगायचे, "आमची गंगा विंग्रजीत अव्वल येणार हाय." आई म्हणायची, "आधी येऊ तर द्या." विधवा लेकीचं नाव त्यांनी दुकानात घेतलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. अक्का पुस्तकातून डोकं वर काढून माझ्याकडे बघायची आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसायचो.

त्याच दिवसांत मास्तर एकदा कौतुकानं म्हणाले, "गंगा, बघ, या सगळ्या वाङ्मयात ज्यासाठी एवढी भांडणं झाली ते तुमच्यात आधीपासून आहे. पुनर्विवाह. तुम्ही पुढारलेले."

अक्का पेन्सिलीला टोक करत होती. मान वर न करता म्हणाली, "व्हय मास्तर. तुमच्यात लगीन लावत न्हाईत, आमच्यात लावतेत. इचारत तुमच्यातबी न्हाईत आन् आमच्यातबी."

आतलं सूप थांबलं.

परीक्षा उन्हाळ्यात उदगीरला झाली. अप्पा स्वतः तिला घेऊन गेले, कमलनगरहून रेल्वेनं. परत आल्यावर मास्तरांनी प्रश्न विचारून घेतले. विषय आणि प्रकार यांचा मोठा प्रश्न आला होता. अक्कानं सगळी पिकं ओळीनं लिहिली होती, अर्थात पिकांची नावं न घेता. शेवटी तिनं स्वतःचं एक वाक्य घातलं होतं: या काळात विधवेविषयी निबंध आहेत, संवाद आहेत, कादंबऱ्या आहेत, परंतु तिला काय हवे आहे हा प्रश्न यांपैकी कोणत्याही प्रकारात तिला विचारलेला आढळत नाही.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अगं, मत कुठं मागितलं होतं? विषय आणि प्रकार मागितले होते."

"हाच विषय हाय मास्तर," अक्का म्हणाली.

त्या वाक्यानं तिचे गुण गेले की वाढले, हे कळायला मार्ग नाही. पुढे मी सोलापूरच्या एका दैनिकात काम केलं, आधी मुद्रितं तपासली, मग बातम्या. ज्याला आधार नाही ते लिहायचं नाही, ही तिथली शिस्त. म्हणून इथेही एवढंच लिहिते की वाक्य तिनं लिहिलं होतं.

निकाल श्रावणात आला. मास्तर भिजलेली छत्री घेऊन थेट दुकानात गेले आणि तिथून अप्पांना घेऊन घरी आले. येताना त्यांनी आणलेले पेढे अप्पांच्या हातात होते. अप्पांनी अजून पुडा सोडला नव्हता. अक्का चुलीपाशी होती. ती उठून दाराशी आली.

"पास," मास्तर म्हणाले. "गंगा, पास झालीस!"

अक्कानं डोळे मिटले. आई रडायला लागली.

अप्पा म्हणाले, "अव्वल का?"

"दुसऱ्या वर्गात आहे अप्पा. पण त्याला काही अडत नाही. जागेला पास पुरे आहे."

"दुव्वम," अप्पा म्हणाले.

"तसं नाही. अहो, अव्वल इंग्रजी हे पेपरचं नाव. काळाचं नाव. आरंभीचा इंग्रजी काळ. नंबराशी त्याचा काही संबंध नाही."

अप्पांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. पुन्हा सांगायला लावलं. मास्तरांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, शाळेत सांगतात तसं. अप्पांना समजलं. त्यांना समजलं हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. पेढ्यांचा पुडा त्यांनी कोनाड्यात ठेवला आणि खाली बसले.

"मास्तर, चूक माझ्या कानाची झाली असंल. पण बोली माझ्या तोंडाची हाय. मी त्या माणसाला 'अव्वल' म्हणलं. तुमी व्हय म्हणलाव. त्यानं सहा-सात महिने दुसरीकडं बघितलं न्हाई. आता त्याला काय सांगू? शब्दाचा अर्थ बदलला म्हणून?"

"बदलला नाही अप्पा. तो आधीपासून तसाच होता."

"तुमच्या पुस्तकात."

मास्तरांनी बराच वेळ समजावलं. शंका, उत्तर, पुन्हा शंका, पुन्हा उत्तर. अक्कानं पाठ केलेल्या संवादांसारखंच ते चाललं होतं. फक्त यात शेवटी पटलं म्हणायचं कुणी, हे ठरलेलं नव्हतं. शेवटी अप्पांनी अक्काकडे पाहिलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. "गंगा, तू सांग. तू न्हाई म्हण. तू न्हाई म्हणलीस तर मी निंबर्ग्याला जाऊन त्याच्या पायावर डोकं ठेवतो."

तेवढ्या एकाच क्षणी तिला विचारलं गेलं. तो प्रश्न कसा विचारला होता, तेही नोंदलं पाहिजे.

अक्कानं कोनाड्यातल्या पुड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं, अप्पा." आणि चुलीवरचं दूध उतू जात होतं ते उतरवायला आत गेली.

पेढे कोनाड्यात तसेच राहिले. मुंग्या लागल्यावर आईनं ते गाईला घातले.

एक नोव्हेंबरला राज्यं बदलली. हैदराबाद राज्य उरलं नाही. उदगीर मुंबई राज्यात गेलं, संतपूर आणि कमलनगर कन्नड भाषेच्या म्हैसूर राज्यात गेली. गावात लोक विचारत होते, आता शाळा कुठल्या भाषेत? मास्तर म्हणत, बघू. त्याच पंधरवड्यात निंबर्ग्याहून हिरवं लुगडं आलं. आईनं अक्काला बांगड्या भरायला लावल्या. सहा-सात वर्षं मोकळे राहिलेले हात. बांगड्या चढताना दोन फुटल्या. कासार म्हणाला, "हात कडक झाल्यात, पोरी." अक्का म्हणाली, "तूर बडवून."

निघताना ती मास्तरांच्या दारावरून गेली. आत्याबाई अशा वेळी बाहेर येत नसत. कुणी निघालेलं असताना त्यांनी समोर यायचं नाही असा त्या घराचा नेम होता. त्या दाराच्या आत, अंधारात उभ्या होत्या. अक्का गाडीतून उतरली, आत गेली आणि त्यांच्या पाया पडली. आत्याबाईंनी तिच्या हिरव्या पदरावरून हात फिरवला, कापड पारखतात तसा.

"पुढं काय होतं ते कळीव हं, पोरी," त्या म्हणाल्या.

मास्तर बाहेर आले नाहीत.

कमलनगरच्या स्टेशनवर आम्ही बिदरकडच्या गाडीची वाट पाहत होतो. आधी उदगीरकडची आली. अक्का उभी राहून तिच्याकडे पाहत राहिली. डबे गेले, मागचा कंदील गेला, तरी पाहत राहिली. निंबर्ग्याचे पाहुणे आपसात कन्नडमध्ये बोलत होते. त्यांच्यातल्या कुणीतरी तिला कन्नडमध्येच बसायला सांगितलं. ती बसली.

अप्पांनी त्यानंतर माझ्यासाठी कुणाला बोली दिली नाही. मी शिकले, सोलापूरला गेले, नोकरीला लागले. ते नको म्हणाले नाहीत आणि हो म्हणाले नाहीत. दुकानात त्यांनी अव्वल हा शब्द वापरणं सोडलं. कुणी अव्वल तूर मागितली तर म्हणायचे, "चांगली हाय, बघून घ्या." आत्याबाई दोन वर्षांनी गेल्या. मास्तर उदगीरला राहायला गेले. अक्काही आता नाही. तिचा शेवट निंबर्ग्यातच झाला, तिला त्यांच्याच शेतात समाधी दिली. त्या वेळी मी वेळेवर पोचले नाही.

त्याआधी एकदा मात्र मी तिच्याकडे जाऊन आले होते. सत्तावन्नच्या सुगीत, येळवस झाल्यावर. ती तुरीच्या शेतात होती. तीन सावत्र मुलं तिच्याभोवती होती, ती तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणत. धाकटी तिच्या कडेवरून उतरत नव्हती. नवरा कसा आहे, मी विचारलं. "चांगला हाय," ती म्हणाली. "आत्याबाईला सांग, चांगला निघाला." वाचतेस का काही, मी विचारलं. "इथं कुठलं मराठी," ती म्हणाली, आणि हातातली काठी पुन्हा उचलली. ती बडवत होती, मी दाणे गोळा करत होते. आम्ही दोघींनी कुठलेही प्रकार म्हटले नाहीत.

जेवायला बसताना तिनं विचारलं, "कमलनगरची जागा भरली का गं?"

भरली नव्हती. मी तसं सांगितलं.